मिडवाइफ म्हणजे दाईच ना? मग तिला शिकायला दीड वर्ष कशाला लागतं

मागच्या रविवारी इंदूरच्या रामबागेत आमच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. जेवणं आटोपल्यावर सगळ्या बायका पंख्याखाली पाय पसरून बसलो होतो, तेव्हा तिने सहज विचारलं, मावशी, मोबाइलवर सारखं मिडवाइफ मिडवाइफ येतं, ती म्हणजे आपली दाईच ना? मी तोंड उघडायच्या आत तिच्या सासूबाई म्हणाल्या दाईच, फक्त इंग्लिश नाव दिलंय, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या अहो नाही, नर्स असते ती. मी बावीस वर्षं इंदुरात नर्सिंगच्या मुलींना मिडवाइफरी शिकवलीय, त्यामुळे माझ्या पोटात गलबललंच जरा, कारण दोन्ही उत्तरं अर्धी अर्धी बरोबर होती आणि उरलेलं अर्धं ओटी भरायच्या गडबडीत सांगता आलं नाही. म्हणून आता निवांत लिहून काढतेय, भाचीसाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

आधी दाईचं बघू. आपल्याकडे मराठीत सुईण, इथे माळव्यात दाई. हिंदीत म्हणतात ना की दाई से पेट नहीं छुपता, ते उगाच नाही, त्या बायकांचे हात खरंच जाणते असायचे, नुसतं पोट चाचपून बाळ आडवं आहे की पायाळू ते सांगायच्या. माझ्या आजीची सगळी बाळंतपणं सुईणीच्या हातची. पण सुईण शिकली ती बघून बघून, सासूकडून सुनेकडे, आणि तिच्याकडे रक्तस्राव थांबवायचं औषध नव्हतं, बीपीचं मशीन नव्हतं, आणि बाई अडली तर पाठवायला जागाही नव्हती. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचं पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या, आणि पुढे अमेरिकेत जाऊन 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या तेव्हा प्रबंधाला विषय घेतला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. ज्या गोष्टीत स्वतःचं बाळ गमावलं तीच शिकायला घेतली त्यांनी. हे मी दर वर्षी पहिल्या लेक्चरला सांगायचे आणि वर्गात एकदम शांतता व्हायची.

आता नर्सचं. आपल्याकडे एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ दोन वर्षांची, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी तीन वर्षांची, बीएससी नर्सिंग चार वर्षांची. जीएनएममधला शेवटचा एम म्हणजे मिडवाइफरीच, म्हणजे कागदावर आपली प्रत्येक नर्स मिडवाइफ पण असते. पण खरं काय होतं, की तीन वर्षांत तिला मेडिकल वॉर्ड, सर्जरी, मुलांचा वॉर्ड, मानसिक आजार, गावातलं काम, सगळंच शिकायचं असतं आणि बाळंतपण त्यातला एक तुकडा होऊन जातो. एएनएमची गोष्ट तर अजून वाईट वाटते मला. सुरुवातीला एएनएम म्हणजे मुख्यतः बाळंतपण करणारीच बाई होती, पण 1973 च्या कर्तारसिंग समिती नावाच्या सरकारी समितीनंतर तिला सगळी कामं करणारी आरोग्य कार्यकर्ती करायचं ठरलं, मग कुटुंबनियोजन आलं, लसी आल्या, पोलिओ आला, रजिस्टरं आली, आणि त्या सगळ्यात तिच्यातली मिडवाइफ मागे मागे पडत गेली. यात त्या मुलींचा काही दोष नाही, एका माणसाला दहा कामं दिली की जे काम अडून बसतं तेच आधी होतं.

याने फरक काय पडतो ते आकड्यांवरून बघा. एनएफएचएस म्हणून जो मोठा सरकारी सर्व्हे होतो, त्याच्या 2005-06 च्या फेरीत आपल्या मध्य प्रदेशात दवाखान्यात होणारी बाळंतपणं फक्त 26 टक्के होती. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, बाईला दवाखान्यात बाळंत झाल्याचे पैसे मिळायला लागले, आशाताई घरोघरी फिरायला लागल्या, जननी एक्सप्रेसच्या गाड्या सुरू झाल्या, आणि 2019-21 पर्यंत तो आकडा 90 टक्क्यांच्या वर गेला. फार मोठी गोष्ट आहे ही, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय, इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडच्या बायका आधी अगदी शेवटच्या क्षणी जीपमध्ये घालून आणायचे त्या नंतर वेळेवर यायला लागल्या. पण 2018-20 चा आईच्या मृत्यूंचा आकडा बघा, म्हणजे दर लाख जिवंत बाळांमागे किती बायका गर्भारपणात, बाळंतपणात किंवा नंतरच्या 42 दिवसांत गेल्या तो. देशाचा 97, महाराष्ट्राचा 33, केरळचा 19, आणि मध्य प्रदेशचा 173. दहातल्या नऊ बायका दवाखान्यात पोचल्या तरी 173. याला कारणं बरीच आहेत, रक्त कमी असणं, लांबची गावं, रेफर होत होत फिरणं, पण एक कारण जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की बाई दवाखान्याच्या दारात पोचली पण आत लेबर रूममध्ये तिच्याजवळ उभं कोण आहे आणि त्याला काय काय येतं, तिकडे आपण फार उशिरा बघितलं.

तर मिडवाइफ म्हणजे ही जी जवळ उभी राहणारी, ती. नॉर्मल बाळंतपणाची पूर्ण जबाबदारी घेणारी, गर्भारपणापासून ते नंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत आई आणि बाळ दोघांनाही बघणारी, आणि गोष्ट नॉर्मलच्या बाहेर चाललीय हे सगळ्यात आधी ओळखून डॉक्टरला बोलावणारी शिकलेली बाई. डॉक्टरला काढून तिला ठेवायचं असं कोणी म्हणत नाहीये, सिझर डॉक्टरच करणार, अडलेलं डॉक्टरच सोडवणार. पण बहुतेक बायकांचं बाळंतपण सरळ असतं आणि त्यांना सर्जनची गरज नसते, त्यांना तासन्‌तास शेजारी राहून बघणारं माणूस लागतं. ते डॉक्टरला जमतच नाही, एका वेळी दहा बायका असतात त्यांच्याकडे.

आपल्या सरकारने डिसेंबर 2018 मध्ये यासाठी वेगळी गाइडलाइन काढली आणि एक नवीन पद आणलं, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी. आधीच जीएनएम किंवा बीएससी झालेली, डिलिव्हरी करायचा निदान दोन वर्षांचा अनुभव असलेली नर्स, तिला अजून 18 महिने फक्त मिडवाइफरी, त्यातले 12 महिने शिक्षण आणि 6 महिने इंटर्नशिप. हा 18 चा आकडा हवेतून आलेला नाही, मिडवाइफ लोकांची जी जगभरची संघटना आहे तिचं म्हणणं असं की नर्स असलेल्या मुलीला कमीत कमी 18 महिने आणि थेट बारावीनंतर येणाऱ्या मुलीला कमीत कमी 3 वर्षं द्यायलाच हवीत, आणि त्यातला निम्मा वेळ तरी प्रत्यक्ष बाईजवळ जायला हवा. याच्या आधी आपल्याकडे काय होतं, तर लेबर रूमच्या नर्सला 21 दिवसांचं एसबीए, म्हणजे स्किल्ड बर्थ अटेंडंटचं ट्रेनिंग. ते ट्रेनिंग चांगलंच आहे, त्याने जीव वाचलेत, मी पण दिलंय. पण 21 दिवस आणि 18 महिने यात जे अंतर आहे तेच आज सांगायचंय मला. तेलंगणाने हे काम 2017 मध्येच सुरू केलं होतं, बाकी देश मागून येतोय.

मग सासूबाईंचा खरा प्रश्न येतो, की अहो बाळ तर आपोआप होतं, दीड वर्ष शिकतात काय?

माझ्याकडे क्लासमध्ये एक प्लास्टिकची पेल्व्हिस होती, म्हणजे कमरेच्या हाडांचा सांगाडा, आणि एक कापडी बाहुली, डोकं जरा टणक. मी मुलींना म्हणायचे हे डोकं यातून बाहेर काढून दाखव. पहिल्यांदा सगळ्या सरळ खाली ओढतात, आणि ते अडकतं. कारण वरचं तोंड आडवं रुंद आहे आणि खालचं उभं रुंद, म्हणून बाळाला आत शिरताना आडवं बघावं लागतं, मग हनुवटी छातीला लावून आत वळावं लागतं, मग मान मागे टाकत बाहेर, आणि मग खांद्यांसाठी परत वळण. एखादं मोठं कपाट चाळीच्या जिन्यातून उतरवतो तसं वळवून वळवून. हे एकदा हाताने केलं की मुलीला कळतं की बाळाला ओढायचं नसतं, त्याला वळायला वेळ आणि जागा द्यायची असते. मग मी ती पेल्व्हिस टेबलावर पाठीवर झोपवायचे आणि माकडहाड दाखवायचे, बघा बाई पाठीवर सपाट झोपली की हे हाड खालून दाबलं जातं, मागे सरकायला जागाच नाही, आणि हीच बाई उकिडवी बसली, कुशीवर वळली, हातागुडघ्यांवर आली तर ते मागे सरकतं आणि वाट मोठी होते. शिवाय पाठीवर झोपलं की भरलेल्या गर्भपिशवीचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर येतं आणि बाळाला मिळणारं रक्त कमी होऊ शकतं. आपल्या आज्या दोरी धरून उकिडव्या बसायच्या ते काही अडाणीपणाचं नव्हतं. आपण टेबलावर पाय बांधून आडवं झोपवायची पद्धत आणली ती मुख्यतः तपासणाऱ्याच्या सोयीसाठी, आणि आता डब्ल्यूएचओ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनापण सांगते की बाईला हवी ती पोझिशन घेऊ द्या.

दुसरी गोष्ट सेंटीमीटर. घरात बाळंतीण दवाखान्यात गेली की बाहेर बसलेले सगळे एकच विचारतात, किती उघडलंय? गर्भाशयाचं तोंड शून्यापासून दहा सेंटीमीटरपर्यंत उघडतं हे आता सगळ्यांना माहिती आहे. ते मोजायचं बोटांनी, न बघता. एका पाटीवर एक ते दहा सेंटीमीटरची भोकं पाडलेली असतात, डोळे मिटून दोन बोटं घालायची आणि आकडा सांगायचा, महिनाभर रोज केल्यावर बोटांना ते कळायला लागतं. पण मोजण्यापेक्षा अवघड आहे ते त्या आकड्याचं करायचं काय हे कळणं. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉक्टर फ्रीडमन यांनी शेकडो बायकांचं बाळंतपण ग्राफवर मांडलं, त्यावरून पुढे तासाला एक सेंटीमीटर असा हिशोब जगभर बसला, आणि मग झालं काय की बाई तासाला एक सेंटीमीटर उघडली नाही की ती मागे पडली असं समजून कळा वाढवायचं इंजेक्शन सुरू, तरी नाही तर सिझर. 2018 मध्ये डब्ल्यूएचओने स्पष्ट सांगितलं की हा तासाला एकचा नियम सगळ्यांना लावू नका, खूप बायका यापेक्षा हळू उघडतात आणि त्यांचं आणि बाळाचं सगळं ठीक असतं. खऱ्या जोरदार कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरायचा, आधी तो चारपासून धरत होते, आणि पहिलटकरणीला पाचपासून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात.

म्हणजे भाची, तुला जर दोन-तीन सेंटीमीटरवर कोणी म्हटलं अजून वेळ आहे, चाल-फिर, खा-पी, तर समज की त्यांना काम येतंय. दोन सेंटीमीटरवर भरती करून झोपवून ठेवलेली बाई कंटाळते, घाबरते, घरचे घाबरतात, आणि मग सगळ्यांनाच काहीतरी करावंसं वाटायला लागतं.

पण नुसती वाट बघणं हे काम नाही हो, ते कोणीही करेल. मिडवाइफ वाट बघते ती सारखी तपासत. दर पंधरा ते तीस मिनिटांनी बाळाचे ठोके, ते मिनिटाला 110 ते 160 मध्ये हवेत, बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात तर दर पाच मिनिटांनी, कळ संपल्यावर लगेच ऐकायचे कारण बाळ दमलंय की नाही ते तेव्हाच कळतं. बाईची नाडी, बीपी, लघवी झाली का, पाणी गेलं असेल तर त्याचा रंग, हिरवट आहे का, वास आहे का, डोकं किती खाली उतरलं. हे सगळं एका कागदावर उतरत जातं, आधी त्याला पार्टोग्राफ म्हणायचो, 2020 पासून डब्ल्यूएचओचा नवीन लेबर केअर गाइड आलाय. त्या नवीन कागदात मला आवडलेली गोष्ट म्हणजे सगळ्यात वर, ठोक्यांच्याही आधी, हे रकाने आहेत की बाईजवळ तिचं माणूस आहे का, तिला दुखणं कमी करायला काही दिलं का, तिने काही प्यायलंय का, ती कुठल्या पोझिशनमध्ये आहे.

मी नोकरीत असताना, कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही, हे कागद डिलिव्हरी झाल्यावर एका बैठकीत भरले जाताना बघितलेत. सगळ्या रेघा सुंदर, सगळ्या बायका तासाला एक सेंटीमीटर. मला तेव्हा रडू यायचं. कागद भरणाऱ्या मुलीचा राग नाही यायचा, एकटी बारा बायका बघत होती ती, पण तो कागद ज्यासाठी केलाय ती गोष्ट, की आत्ता, या घटकेला, काहीतरी बिघडतंय हे दिसावं, ती गोष्टच त्यात उरत नव्हती.

आता बिघडतं म्हणजे काय, तर आईचा जीव घेणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्यातली सगळ्यात वेगवान म्हणजे बाळ झाल्यानंतरचा रक्तस्राव. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की ती पिशवी आवळली गेली पाहिजे, मुठीसारखी, म्हणजे रक्तवाहिन्यांची तोंडं दाबली जातात. ती सैल राहिली तर काही मिनिटांचा खेळ आहे.

हे शिकवायला आमच्याकडे पोटावर बांधायचा एक सिम्युलेटर होता, आत लाल पाण्याची पिशवी, ट्रेनर तो बांधून स्वतःच बाळंतीण होऊन टेबलावर झोपते आणि हळूच नळी सोडते. एकदा मी झोपले होते, बाळ झालं, मुलगी बाळाला पुसण्यात गुंतली, मी पाणी सोडलं आणि म्हणाले सिस्टर मला कसंतरी होतंय. तिने चादरीकडे बघितलं, थोडंसंच आहे मॅडम म्हणाली. आम्ही चादर आणि पॅड पिळून मोजलं तर सातशे मिली निघालं, आणि पाचशेच्या वर गेलं की त्याला रक्तस्राव म्हणतात. ती मुलगी पांढरीफटक पडली, पण मला खात्री आहे की त्यानंतर तिने आयुष्यात चादरीकडे बघून अंदाज केला नसेल. डोळ्यांना रक्त नेहमी कमीच दिसतं, कापडात मुरतं ना ते. म्हणून आता बाईच्या खाली मोजपट्टी असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची पद्धत आलीय, रक्त त्यात साठतं आणि आकडा समोर दिसतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या 80 दवाखान्यांत हे करून बघितलं, पिशवीने लवकर ओळखायचं आणि मग पोटावरून मसाज, पिशवी आवळायचं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायचं ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, सलाइन आणि कुठे फाटलंय का ते तपासणं, हे सगळं एकामागून एक थांबत थांबत करण्याऐवजी एकदमच करायचं. 2023 मध्ये निकाल आला, गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी ऑपरेशनं आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून 60 टक्क्यांनी कमी झाले. औषधं सगळी जुनीच होती. ती आधीपासून कपाटात होती. आणि कपाटावरून आठवलं, ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, 2 ते 8 डिग्रीला, आपल्या मे महिन्यात बाहेर ट्रेमध्ये पडून राहिलेलं इंजेक्शन ऐनवेळी दगा देऊ शकतं, हे पण मिडवाइफच्या अभ्यासातच येतं.

वागणुकीचं बोलायलाच हवं. बाळंतपणात बायकांवर ओरडतात, कधी मांडीवर चापट मारतात, तेव्हा नाही का कळलं असं बोलतात, पोटावर दोन्ही हातांनी जोर देऊन बाळ खाली ढकलतात, पहिलटकरीण आहे म्हणून न विचारता खाली छेद देतात. इंदुरातच काय, सगळीकडे. यातल्या कुठल्याच गोष्टीला शास्त्राचा आधार नाही. पोट दाबल्याने पिशवी फाटायची भीती असते, आणि प्रत्येकीला छेद द्यायची गरज नाही हे डब्ल्यूएचओने कधीच सांगितलंय. आणि लाज वाटणं, घाबरणं, हे फक्त मनाचं नाहीये, घाबरलेल्या बाईचं शरीर असे हार्मोन सोडतं की कळा मंदावू शकतात. तिच्याजवळ ओळखीचं माणूस बसलं, पाठ चोळली, पाणी दिलं, तर बाळंतपण थोडं लवकर होतं आणि सिझरची वेळही कमी येते, याचे पुरावे आहेत. म्हणून आपल्या आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्येच सांगितलं की सरकारी दवाखान्यात बाईला लेबर रूममध्ये आपल्या पसंतीचं एक माणूस सोबत ठेवू द्या. हे किती सासूबाईंना माहिती आहे? तुम्ही दाराबाहेर स्टुलावर जप करत बसता त्यापेक्षा आत तिचा हात धरून बसा ना, ते जास्त कामाचं आहे. अर्थात तिला तुम्ही आत हव्या असाल तर, नाहीतर तिची आई, बहीण, तिला हवं ते.

सिझरबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर भांडणंच जास्त होतात. 2019-21 मध्ये देशात सरकारी दवाखान्यांत 14 टक्के आणि प्रायव्हेटमध्ये 47 टक्के बाळंतपणं सिझरने झाली. बायकांची शरीरं सरकारी आणि प्रायव्हेटमध्ये वेगळी नसतात. सिझरने जीव वाचतात, मी स्वतः सिझरचीच आई आहे आणि त्या डॉक्टरांची आयुष्यभर ऋणी आहे, पण एका ठिकाणी गरज असून मिळत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी गरज नसून होतं, हे दोन्ही एकाच वेळी चाललंय. जिथे मिडवाइफच शेवटपर्यंत सोबत असते तिथे काय होतं याचे 17 अभ्यास एकत्र करून बघितलेत, 18 हजारांवर बायका होत्या त्यात, आणि सिझर थोडं कमी, चिमटे लावायची वेळ कमी, बायका जास्त समाधानी, असं दिसलं. मात्र ते अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत, तिथे मागे अॅम्ब्युलन्स, रक्त, ऑपरेशन थिएटर सगळं तयार असतं, ते इथे जसंच्या तसं उतरेल असं मी म्हणणार नाही. मिडवाइफ एकटी काही करू शकत नाही. तिच्यामागे डॉक्टर आणि रक्तपेढी उभी असली तरच तिचं वाट बघणं सुरक्षित राहतं.

आणि शिकवणाऱ्यांच्या बाजूने एक तक्रार. एका बाळंतपणाला सात-सात आठ-आठ विद्यार्थिनी टेबलाभोवती उभ्या, हात एकीचा, आणि वहीत केस सगळ्यांची, हे मी बघितलंय आणि एका टप्प्यावर सह्याही केल्यात, नाही म्हणता आलं नाही. युरोपात मिडवाइफ व्हायला स्वतःच्या हाताने 40 बाळंतपणं करावी लागतात, कमी केसेस मिळत असतील तर निदान 30, आणि शिवाय शंभरएक गर्भार बायका तपासाव्या लागतात. आकडा म्हणून नाही सांगत, पण दहावं बाळंतपण करताना जी मुलगी घाबरलेली असते ती तिसाव्याला शांत झालेली असते, आणि तिच्या शांत हातांमुळे बाई शांत होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि मग अशी हात बसलेली मुलगी सहा महिन्यांत बदली होऊन डोळ्यांच्या वॉर्डात जाते! लेबर रूम सुधारायच्या 2017 च्या सरकारी लक्ष्य योजनेत लिहिलंय की लेबर रूमच्या नर्सेसना फिरवत बसू नका. कृपा करून ते पाळा.

आता सव्वा महिन्याचं, कारण भाची माहेरी इथेच येणार आहे. बाळ झाल्याबरोबर, सगळं ठीक असेल तर, त्याला पुसून सरळ तुझ्या छातीवर उघडं ठेवतील, वरून दोघांना पांघरूण, नाळ निदान एक मिनिट थांबून कापतील म्हणजे वारेतलं रक्त बाळाला मिळतं, आणि तासाभरात अंगावर पाजायचं. मध नाही, गुटी नाही, साखरेचं पाणी नाही. तो पहिला पिवळसर चीक टाकून द्यायचा नाही, सासूबाई, हे तुम्हाला सांगतेय. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, सगळं करा, मी पण खाल्लंय, पण पाणी कमी प्यायला लावू नका, दूध पाण्यातूनच होतं. खोली बंद करून शेगडीचा धूर नको, कोळशाच्या धुराने आई-बाळ दोघं गुदमरू शकतात. लोहाच्या गोळ्या बाळ झाल्यावर पण सहा महिने घ्यायच्या, आपल्या देशात निम्म्याहून जास्त गर्भार बायकांचं रक्त कमी निघतं आणि बाळ झालं की सगळे गोळ्या विसरतात.

आणि फ्रिजवर हे लिहून लावा. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, ताप आला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास यायला लागला, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, श्वास लागला, एकच पाय सुजून दुखायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा. बीपीचा झटका बाळ झाल्यानंतरही येऊ शकतो, खूप घरांत वाटतं की बाळ झालं म्हणजे सुटलो. आणि ती सारखी रडत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, दोन आठवडे झाले तरी तसंच असेल, तर तिला नखरे म्हणू नका, तो आजार आहे, त्याला औषध आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं, नाही आल्या तर आपण निरोप पाठवायचा.

भाचीने रात्री मेसेज केला, मग मी दवाखान्यात विचारू काय? मी तिला एवढंच लिहिलं: आत माझ्यासोबत कोणी राहू शकतं का, कळा येत असताना मला उठून चालता येईल का, इंजेक्शन किंवा छेद द्यायच्या आधी मला सांगाल का, रात्री दोन वाजता रक्त लागलं तर कुठून येतं, आणि लेबर रूममध्ये माझ्याजवळ कोण असेल, तिने किती बाळंतपणं केलीत. सासूबाईंनी तो मेसेज वाचला आणि सकाळी त्यांचा फोन आला की त्यातला पहिला प्रश्न आम्ही आजच विचारून आलो, हो म्हणाले, आणि तिने सोबतीला माझं, तिच्या सासूचं, नाव सांगितलंय.